थंडीत तंबोरा चढतो, तबला उतरतो

डिसेंबरात पुण्यातल्या खुल्या मांडवात संध्याकाळी पारा २५ अंशांवर असला, तर रात्री दहापर्यंत तो १५ च्या आसपास येतो. तेवढ्यात सगळी वाद्यं हलतात, आणि कटकट ही की एकाच दिशेला हलत नाहीत.

तंबोऱ्याच्या तारा गारव्यानं आखडतात आणि चढतात. एका अंशाला पोलादी तार लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश आखडते, पितळी १९. खर्जाची (सर्वांत खालच्या 'सा'ची) तार पितळी, शिवाय तिच्यावर ताण कमी, म्हणून जोडापेक्षा (मधल्या 'सा'च्या दोन पोलादी तारांपेक्षा) खर्जच जास्त सरकतो. जोड जुळले म्हणून खर्ज गृहीत धरू नये. रंगमंचावरचे दिवे थेट तारांवर पडले की उलटं होतं: तार लगेच तापते, दांडी आणि भोपळा मागे राहतात, सूर उतरतो.

तबल्याचं कारण वेगळं. तिथे तापमानापेक्षा दमट हवा भारी पडते. रात्री गारठ्याबरोबर आर्द्रता वाढते, पुडी (वरचं कातडं) ओल शोषून सैलावते आणि तबला उतरतो. दिव्याखाली ती सुकते आणि चढते. म्हणजे दोन्ही वेळेला तबला तंबोऱ्याच्या विरुद्ध जातो!

बासरीत आतली हवा थंड झाली की ध्वनीचा वेग घटतो आणि सूर उतरतो. हिशेबानं दहा अंशांना ३० सेंट (अर्धस्वराचे १०० सेंट), फुंकेच्या उबेमुळे प्रत्यक्षात कमी. हार्मोनियमचे पितळी सूर (आतल्या कंप पावणाऱ्या पट्ट्या) तीन-चार सेंटच हलतात, त्यामुळे षड्जाला ('सा'ला) तीच खूण धरावी. फक्त षड्जाला; बाकीच्या स्वरांचं नाव काढू नका.

वाद्यं गवसणीतून काढून अर्धा-पाऊण तास आधी मंचावर ठेवा आणि दिवे लावूनच जुळवा. तंबोऱ्याचे मणी (तारांत ओवलेले, सूर बारीक जुळवायचे) आधी मधोमध आणा, मग खुंटीनं खालून वर येत सूर गाठा. तसं केलं की मैफलीत मणी दोन्हीकडे सरकायला जागा उरते: तारदानाकडे (तारा खाली बांधलेल्या टोकाकडे) नेला की तार चढते, घोडीकडे (तारा टेकतात त्या पट्टीकडे) नेला की उतरते. जवारीचा दोरा (झणकारासाठी घोडीवर तारेखाली घालतात तो) मात्र शेवटी, कारण ताण बदलला की तोही पुन्हा बसवावा लागतो.

तबल्याचा फरक थोडा असेल तर गट्ट्यांना (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावू नका. गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) समोरासमोरच्या घरांवर (वाद्यांमधल्या जागांवर) हलके ठोके द्या, चढवायला वरून, उतरवायला खालून. एकाच बाजूला ठोकत राहिलं की घरं आपसात जुळत नाहीत. उतरलेला तबला हीटरजवळ धरणं हा जुना उपाय, पण त्यानं शाईला (पुडीवरच्या काळ्या थराला) भेगा जातात. आणि गारठ्यात चढवलेला तबला दुसऱ्या दिवशी उन्हातल्या गाडीत तसाच ठेवला, तर पुडी फाटू शकते. गवसणीत घालण्याआधी गट्टे थोडे वर सरकवून ताण कमी करा.