आज तिकीट काढून बसलो

३४ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. दोन महिन्यांपूर्वी अठ्ठावन्न पूर्ण झाली, बॅग आणि मशीन डेपोत जमा केलं. तरी डोळे पहाटे चारलाच उघडतात. बायको म्हणते, "झोपा की, पहिली गाडी गेली तुमची!"

आज स्वारगेटहून साताऱ्याला निघालो, चक्क खिडकीपाशी. गाडी हलायच्या आत उगाच मागं वळून डोकी मोजली. कंडक्टर पोरगेलासा. बायकांना अर्धं तिकीट (२०२३ पासून), पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट; आधार कार्ड बघता बघता बिचाऱ्याची धांदल. आमच्या उमेदीत ट्रे आणि तिकिटं पंच करायचा चिमटा. त्याची टकटक अजून बोटांत आहे. सुट्ट्या पैशांवरून मात्र भांडणं तेव्हाही तीच.

शिरवळला एक आजी चढल्या. दाराशी ही गर्दी! माझ्या तोंडून गेलंच, "चला, आत सरका, आत सरका!" आणि सरकले की सगळे. पोरगं हसलं, "काका, डेपो कुठला?"

साताऱ्यात सगळे उतरेपर्यंत थांबलो, सीटखाली वाकून बघत. कुणाचा तरी जेवणाचा डबा राहिला होता. पळत जाऊन दिला.