साडेतीन लाखांचं कोटेशन

फाईल उघडली तर पहिल्याच पानावर रिपोर्टऐवजी कोटेशन. संधिवातासाठी ‘स्टेम सेल अधिक हर्बल’ पॅकेज: स्वतःच्या चरबीतून काढलेल्या मूळपेशींची (स्टेम सेल) तीन इंजेक्शनं, जोडीला हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल. साडेतीन लाख. आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट.

ताई मिरज तालुक्यातल्या, चाळिशीच्या. यजमान सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, मेथोट्रेक्सेटच्या आठवड्यातून एकदाच्या गोळीवर चांगला आटोक्यात आला होता, आणि आता दोन्ही मनगटं फुगलेली. बोटांच्या मुळाशी हलकं दाबलं तशी त्यांनी हात झटकन मागे घेतला. सूज भिजवलेल्या कणकेसारखी मऊ, म्हणजे सांध्याच्या अस्तराला आलेली.

“सकाळी दहापर्यंत मूठच वळत न्हाई. भाकरी थापायचं तर नावच नको,” त्या म्हणाल्या.

“रविवारची गोळी चालू आहे ना?”

“ती बंद केली. पेशी टोचायच्या आधी तीन महिने इंग्रजी औषध नको म्हणाले तिथं.”

माझं डोकंच फिरलं. चढत्या आमवातात तीन महिने विनाऔषध म्हणजे हाडं झिजायला मोकळं रान.

बरं, मुळातली कल्पना टाकाऊ नाही. चरबीतून काढतात त्या मेसेन्कायमल मूळपेशी भडकलेल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, शांत करणारी द्रव्यं सोडतात. कर्क्युमिन सूज पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या पेशीतल्या प्रथिनाला आवर घालतं. दोन्ही एकत्र दिल्यावर उंदरांच्या पंजांची सूज उतरल्याचं मीही उत्सुकतेनं वाचलंय. पण शिरेतून दिलेल्या पेशी बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात, सांध्यापर्यंत थोड्याच पोचतात. कर्क्युमिनचा डोस वाढला तर पेट्रीडिशमध्ये त्याच पेशी मरतात. आणि उंदराचा संधिवात आपणच सुई टोचून आणलेला असतो, काही आठवड्यांचा. ताईंचा जन्माचा सोबती.

कॅप्सूलची डबी मागून घेतली. मिरीचा अर्क होताच. कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. मिरीतल्या पायपरिननं ते माणसात वीसपट वाढतं, असं १९९८ मध्ये बंगळुरूच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं. पण अशा जोडगोळीनं यकृताला इजा झालेले रुग्णही नोंदले गेलेत, आणि मेथोट्रेक्सेट देताना आमची नजर यकृतावरच असते. त्या कॅप्सूल घेणं बंद करायला सांगितलं.

“म्हंजे हळदच बंद?” सोबत आलेले यजमान, दादा, दचकले. धंदाच हळदीचा!

“आमटीतली, दुधातली चालू द्या. ही कॅप्सूल नको.”

मग त्यांना आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, २०१७ चे नियम सांगितले. रक्ताच्या काही आजारांत मूळपेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. संधिवातासाठी द्यायच्या तर फक्त मंजूर चाचणीत. तिची सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंद हवी, आणि त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कोटेशन हातात पडलं तिथंच ओळखायचं.

दादांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. “मॅडम, तुमच्या चाचणीचा सीटीआरआय नंबर सांगा की.” पलीकडे शांतता. मग, “सर मीटिंगमध्ये आहेत, कॉलबॅक करतील.” थोड्या वेळानं तिकडूनच फोन आला. सूट पंधरा टक्के झाली होती.

ताई खुदकन हसल्या. दादा नाही हसले. वीस हजार आधीच भरले होते, पावती साध्या कागदावरची.

त्याच दुपारी रक्त तपासलं. यकृत ठीक निघालं, सूज दाखवणारा ईएसआर बराच चढलेला. मेथोट्रेक्सेट पुन्हा रविवारी, फॉलिक ॲसिडसह, आणि ते लागू पडेपर्यंत थोडे दिवस स्टेरॉइडचा छोटा डोस. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदाच’ लाल पेननं लिहिलं. रोज घेऊन अंगाशी आलेलं पाहिलंय मी.

“आणि ते पेशींचं खरं औषध कधी यायचं?” निघताना ताईंनी विचारलं. खऱ्या चाचणीत जागा निघाली तर मीच कळवेन म्हटलं, फुकट असेल तरच.

पुढच्या खेपेला मनगटं उतरली होती. उजव्या हाताची दोन बोटं अजून हटून बसलेली, म्हणून डोस वाढवला. वीस हजारांसाठी दादा दर सोमवारी फोन करतात. सर अजून मीटिंगमध्येच आहेत.