तारेतून सुटतं तरी काय?

शाळेतली स्नेहसंमेलनं, कबड्डीचं मैदान, मधल्या सुट्टीतले तर्री-पोहे यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला मिळालेली जागा मी रेडिओच्या तारेतून लहर कशी सुटते ते शिकवणाऱ्या भौतिकशास्त्राच्या सरांवर खर्च करतो. नाव लिहीत नाही. त्या काळातल्या कुणालाही ‘ट्रान्झिस्टरवाले सर’ म्हटलं की पुरे.

सरांच्या टेबलावर मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर, म्हणजे छोटा रेडिओ, कायम असायचा. बातम्या ऐकायला नव्हे, शिकवायला. नागपूर केंद्र लावायचं आणि संच टेबलावर हळूहळू फिरवायचा. एका ठिकाणी आवाज अगदी बसायचा, पुढे सरकवला की पुन्हा चढायचा. आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे. कांडीचं टोक प्रक्षेपकाकडे झालं की लहरीचं चुंबकीय क्षेत्र वेढ्यांतून जातच नाही आणि संच मुका होतो. “आता सांगा पोट्टेहो, स्टेशन कोणत्या बाजूला आहे?” आम्ही खिडकीतून हात दाखवायचो. रेषा कळली तरी ती पुढे की मागे हे कांडी सांगत नाही, एवढं लक्षात येईपर्यंत तास संपायचा.

मग ते वर्गातल्या ट्यूबलाइटचं बटण बंद-चालू करायचे. रेडिओत ‘कट’ असा आवाज. दिवा नुसता जळत असताना तसा ‘कट’ नाही, बटण दाबतानाच का? सरांचं सगळं शिकवणं या प्रश्नावर उभं होतं. एखादा विद्युतभार स्वस्थ असला, किंवा एकाच वेगाने सरळ जात असला, तर त्याच्याभोवतीच्या क्षेत्ररेषा, म्हणजे विद्युतक्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा, चारी बाजूंना सरळ असतात. त्याला हिसका दिला की जवळच्या रेषा नव्या जागेकडे बघतात, लांबच्या मात्र अजून जुन्या जागेकडेच. हिसक्याची बातमी सेकंदाला ३ लाख किलोमीटर या वेगानेच पुढे जाते, त्याहून झटपट नाही. नवं आणि जुनं जिथे जुळतं तिथे रेषेला आडवा बाक येतो. दोर हिसकल्यावर त्यात लाट धावते तसा तो बाक बाहेर धावतो. “तार काही फेकून नाही राहिली रे,” सर म्हणायचे, “बाक पळून राहिला.” बटण दाबताना तारेतल्या विद्युतभारांना असाच हिसका बसतो, म्हणून तो ‘कट’.

या आडव्या बाकाची खरी गंमत त्याच्या विरण्यात आहे, आणि इथे सर कधी घाई करत नसत. नेहमीचं विद्युतक्षेत्र अंतराच्या वर्गाने घटतं: दहापट लांब गेलात की शंभरावा भाग उरतो. बाकाचं क्षेत्र फक्त अंतराच्या पटीत घटतं: दहापट लांब, दहावा भाग. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे तिचा शंभरावा भाग. पण ती जिच्यावर पसरते त्या गोलाचं क्षेत्रफळही शंभरपट झालेलं असतं. हिशोब चुकता. म्हणून ती ऊर्जा तारेकडे परत येत नाही, कायमची निघून जाते. अँटेनाच्या अगदी जवळ मात्र वेगळाच कारभार: तिथे बरीचशी ऊर्जा प्रत्येक आवर्तनात बाहेर जाते आणि परत येते. पुढे मी प्रक्षेपणाच्याच नोकरीत गेलो. मीडियम वेव्हला अख्खा मनोराच अँटेना असतो, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा. त्याच्याजवळ हातात धरलेली ट्यूबलाइट कशालाही न जोडता उजळते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा सर हवे होते असं फार वाटलं.

बारावीला प्रकाशविद्युत परिणाम आला, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो. प्लँक १९००, आइन्स्टाइन १९०५. प्रकाशाची ऊर्जा पुड्यांनी मिळते, त्या पुडीलाच फोटॉन म्हणतात, एका पुडीची ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. पुस्तकात अँटेना एका धड्यात, फोटॉन दुसऱ्यात, आणि दोघांची ओळख कुणी करून देत नाही. हा दोष मला आजही खटकतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग रेडिओच्या तारेतूनही फोटॉनच निघतात काय?”

“निघतात. मोज.”

तेव्हा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या नव्या प्रक्षेपकाची शहरात चर्चा होती: आकाशवाणीची १९८८ ची राष्ट्रीय वाहिनी, १५६६ किलोहर्ट्झ, १००० किलोवॅट. फळ्यावर गणित मांडलं. तरंगलांबी १९१ मीटर. एका फोटॉनची ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे ३५ कोटीव्या भागाइतकी. आणि सेकंदाला निघणारे फोटॉन? जवळजवळ १ वर ३३ शून्यं. वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. “हे टिपटिप ऐकू काऊन येत नाही?” म्हणून त्यांनी पुढचं विचारलं. खोलीतल्या उष्णतेमुळे प्रत्येक कणाची जी थरथर चालू असते तिची ऊर्जा अशा एका फोटॉनच्या सुमारे ४० लाख पट. त्या गोंधळात एक पुडी कोण ओळखणार? प्रकाशाचा एकेक फोटॉन मोजता येतो, या रेडिओलहरीचा नाही. इथे लहर म्हणूनच हिशोब सुटतो, आणि तो चोख सुटतो.

“पण १९१ मीटरचा फोटॉन शाळेत मावेल काय?” या प्रश्नावर ते जरा चिडलेच. फोटॉन म्हणजे गोटी नव्हे. क्षेत्र ऊर्जा देतं-घेतं तेव्हा ज्या मापाने देतं-घेतं ते माप. हा अमुक फोटॉन, तो तमुक, अशी चिठ्ठी त्यांच्यावर लावता येत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्यात बसून मोजणीची जी नवी रीत मांडली ती याच पायावर उभी आहे. शिवाय प्रक्षेपकाच्या सुरेख, तालात चालणाऱ्या लहरीत फोटॉनचा आकडा पक्का नसतोच. ताल जितका पक्का, आकडा तितका ढिला. सरांनी खडू उचलून फळ्यावरच्या त्या ३३ शून्यांपुढे ‘सरासरी’ एवढंच लिहिलं. त्या वयात ते नीट उमगलं नव्हतं. कॉलेजात पुन्हा भेटलं तेव्हा ओळखीचं निघालं.

हल्ली आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मोबाइल टॉवरच्या लहरी शरीरातले रेणू तोडतात असे भलभलते मेसेज फिरतात. १८०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (अणू-रेणूंची ऊर्जा मोजायचं एकक) लाखाव्या भागाहूनही कमी. रेणूंमधला बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. फोटॉन कितीही वाढवले तरी एकेका फोटॉनची कुवत वाढत नाही. तापवण्याचा प्रश्न वेगळा. तो वॅट आणि अंतराचा, म्हणून मर्यादा त्यावर घालतात. हे लिहून टाकलं की दोन दिवस शांतता असते, मग नवा मेसेज.

शाळेला एक विनंती. प्रयोगशाळेच्या कपाटात ठिणगी पाडणारी इंडक्शन कॉइल होती. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला ठिणगीनेच या लहरी निर्माण केल्या, हे सर त्या कॉइलवर दाखवत. ठिणगी पडली की टेबलावरचा ट्रान्झिस्टर खरखरायचा. ती अजून असेल तर कपाटातून काढावी. वायरिंग तपासून द्यायला मी येतो, आणि मीडियम वेव्हचा संच आता दुकानात मिळत नसेल तर माझ्याकडचा घेऊन येतो.