कोणतं गाव म्हणायचं?

बुधवार, रात्री उशिरा

त्याने ओळख दिली नाही. झालंय ते एवढंच. पण जेवणात लक्ष लागलं नाही, आता झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

संभाजीनगरच्या सिडको बसस्टँडवर जालन्याची गाडी लागलेली होती. चढलो तर हा आधीच खिडकीला बसलेला. थोड्या वेळापूर्वी दारू सोडणाऱ्यांच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. चहाचा कप त्यानेच माझ्या हातात दिला होता. माझा हात हलतोय हे बघून अर्धाच भरलेला. मी हसलो. त्याने माझ्याकडे आणि माझ्यामागच्या पत्र्याकडे एकाच नजरेने पाहिलं, मोबाईल काढला आणि बदनापूरला उतरून गेला.

नियम आहे, मान्य. इथं कोण दिसलं, काय ऐकलं ते इथंच ठेवायचं, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण हसायला कुठं बंदी आहे?

आणि मी तरी साठ किलोमीटर लांब कशाला गेलो? कुणी ओळखू नये म्हणूनच ना. डॉक्टरांनी पत्ता दिला तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच, आपल्याकडचं कुणी येतं का तिथं? भला माणूस. रोज पिणाऱ्याने एकदम तोडली तर फिट येऊ शकते म्हणून आधी गोळ्या दिल्या, आणि थरथर कमी झाल्यावर म्हणाले, आता माणसांत जा. ताईचं एकच पालुपद, पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जा. पुण्याला गेलो असतो तर अख्ख्या भावकीला कारण सांगावं लागलं असतं. ताईला बहुतेक तेच हवं होतं. असो.

शाळेची खोली होती. एका भिंतीवर पाढे, दुसऱ्या भिंतीवर दारू सोडायच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. एकेक जण बोलायचा. मी अमुक, मी अल्कोहोलिक. सगळे एका सुरात नमस्कार म्हणायचे. माझी पाळी आली तेव्हा सवयीने वडलांचं नाव, आडनाव सुरू झालं, तर चेअरवरचे म्हणाले, "नुसतं नाव पुरे, दादा."

ते नुसतं नाव मला फार उघडंउघडं वाटलं.

आपल्याकडे एसटीत शेजारी कुणी बसला की "पाव्हणं, कोणतं गाव म्हणायचं?" गावावरून आडनाव, आडनावावरून सोयरीक, आणि करमाड यायच्या आत तो आपल्या चुलत्याच्या मेहुण्याचा साडू निघतो. आडनावावरून बाकीचंही कळतं, जे तोंडावर कुणी विचारत नाही. त्या खोलीत काही कळायला मार्गच नव्हता. एक साहेब वाटत होते, एक जण ऑटोवाला असावा, एक तर नुकतं मिसरूड फुटलेलं लेकरू. कुणाच्या बोलण्यावरून, कुणाच्या चपलांवरून मी अंदाज बांधत बसलो होतो. शेजारच्याची बोली आपल्याच पट्ट्यातली होती. "कुठले तुम्ही?" अगदी ओठांवर आलं होतं.

मीटिंगमध्ये दिलेलं पत्रक गाडीत वाचलं. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी कामाला आलेला एक शेअर दलाल, सौदा फसलेला, हॉटेलातला बार समोर दिसत होता. त्याने काय केलं, तर चर्चवाल्यांना फोन लावून विचारलं, इथं माझ्यासारखा कुणी पिणारा भेटेल का बोलायला? एक सर्जन भेटला. त्या दोघांपासून हे सगळं सुरू झालं. त्यांचीही नावं बिल डब्ल्यू. आणि डॉक्टर बॉब, एवढीच. तोही परगावीच होता म्हणायचा.

गंमत बघा, आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, त्यावर नाव, पत्ता सगळं. सोडायला काहीच लागत नाही. फीसुद्धा नाही. शेवटी पिशवी फिरली, ज्याला जमेल त्याने टाकावं. बाहेरच्यांचा पैसा घेत नाहीत म्हणे.

बारमध्ये मात्र मला सगळे ओळखायचे. "या साहेब" म्हणून टेबल पुसून मिळायचं. बाळूच्या लग्नानंतर सोयऱ्यांनी ओळख सोडली, तरी तिथल्या पोराने सोडली नव्हती. आणि आज एवढं पोटातलं ओकून बसलो, तर मोबाईल काढतो!

खरं सांगायचं तर तो हसला असता तर मी शेजारी जाऊन बसलो असतो. बदनापूर यायच्या आत त्याचं गाव, आडनाव काढलं असतं, आणि उद्या कुणाजवळ तरी बोलूनही मोकळा झालो असतो. माझं मला माहीत आहे. त्यालाही ते तोंडावर दिसलं असेल. बदनापूर त्याचं गाव नसेलच कदाचित. मला टाळायला उतरला असेल आणि मागच्या गाडीने जालन्यालाच आला असेल बिचारा. हे सुचलं तेव्हा एकटाच हसलो.

हसू ऐकून ही उठून आली. "कोण कोण होतं तिथं?"

म्हटलं, नावं सांगता येत नाहीत.

"इतकी वर्षं कुणासंगं बसला होता ते न विचारता सांगायचे की!"

यावर काय बोलणार. म्हटलं, घरच्या माणसांसाठीही असतं, अल-अनॉन म्हणतात, तू येतीस का?

"मला काय झालंय यायला? प्यायले तुम्ही." दाराशी थांबली. "किती वाजता असतंय?"