अकराव्या तासाचे मजूर

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायावर मी आजवर किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, अगदी संध्याकाळी पाचलाही, म्हणजे तेव्हाच्या मोजणीने अकराव्या तासाला. आणि सगळ्यांच्या हातावर एकेकच दिनार. देवाची कृपा, एवढं सांगून मी मोकळी व्हायचे.

परवा सकाळी दिंडोरीच्या नाक्यावर उभी होते. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया, फडक्यात भाकरी, कमरेला द्राक्षघड विरळायची छोटी कात्री. पिकअप येते, मुकादम बोट दाखवतो, तरण्या पोरी आधी चढतात. दहाला कट्ट्यावर एक म्हातारी तेवढी उरली.

"मावशी, घरी नाही गेलात?"

"कोनी नेलंच नाही, सिस्टर."

पाचला उभे असलेले मजूर धन्याला हेच तर सांगतात! आणि मी इतकी वर्षं त्यांना मनातून आळशी समजत आले.

दिनार म्हणजे तेव्हाचा एका दिवसाचा रोज. तो अर्धा दिला तर चूलही अर्धीच पेटणार. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 24 वा अध्याय तर सरळच सांगतो, मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या.

मागच्या महिन्यात एका बागायतदाराकडे नऊ बायांचे बारा दिवसांचे पैसे अडकले. माल गेला की देतो, म्हणे. आम्ही सगळ्या रोज दिवस मावळताना त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो. घोषणा नाहीत, काही नाही. त्याची आई चहा द्यायची, साखर अंमळ जास्तच. पाचव्या दिवशी पैसे मिळाले, पण आठच जणींचे. नववीचं नाव मुकादमाच्या वहीतच नव्हतं. सोमवारी पुन्हा ओट्यावर.