मिरचीच्या पिशव्या, आठवडा ८: फोकणी, बांगडी, आळवणी, फवारणी

घोडबंदर रोड, ठाणे. गच्चीवर १२ इंची १२ पिशव्या, प्रत्येकीत एक मिरची. लाल माती ४ भाग, शेणखत ३, कोकोपीट ३. लावणी जूनच्या पहिल्या आठवड्यातली. खत देण्याच्या पद्धती चार: फोकणी (दाणे मातीवर फेकणं), बांगडी (खोडाभोवती गोल चरात दाणे), आळवणी (खताचं द्रावण मातीत ओतणं) आणि फवारणी (तेच द्रावण पानांवर). प्रत्येकीला तीन पिशव्या.

आधी मात्रा जुळवली, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. दाणेदार खत १५:१५:१५ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) महिन्याला ८ ग्रॅम, म्हणजे नत्र १.२ ग्रॅम. विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं, १९:१९:१९ लिटरला ३ ग्रॅम, आठवड्याला अर्धा लिटर; चार आठवड्यांत नत्र १.१४ ग्रॅम. फवारणीत हे गणित बसतच नाही. त्याच द्रावणाच्या ५० मिलीत झाड चिंब होतं, म्हणजे आळवणीच्या जेमतेम दहावा भाग. त्या पिशव्यांत खालची पानं पिवळी पडली ती यामुळेच. फवारणी फुलोऱ्यात जोड म्हणून ठेवावी, तीही उघडीप असेल तेव्हाच, पानांच्या खालच्या बाजूने.

आळवणी जूनच्या उघडिपीत सगळ्यांच्या पुढे होती. जुलैत पिशवी आधीच तुडुंब. वरून अर्धा लिटर ओतलं की खालच्या भोकातून तेवढंच बाहेर. ते पाणी म्हणजे वाहून गेलेलं खतच. उलट माती कोरडी असेल तर आधी साधं पाणी द्यायचं, मग द्रावण.

फोकलेल्या खताचे दाणे मोठ्या सरीनंतर पिशवीच्या एका कडेला गोळा झालेले दिसले. शिवाय स्फुरद मातीत फारसं सरकत नाही; वर पडलं ते वरच राहतं.

सध्या सरस आहे ती बांगडी. खोडापासून १० सेंमीवर गोल चर, ४ ते ५ सेंमी खोल. दाणे सारखे पसरायचे, माती ओढायची, वर मूठभर गांडूळखत. लाल मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद बांधून ठेवतात. खत एका पट्ट्यात असलं की ते कमी मातीला लागतं आणि मुळांना जास्त मिळतं. कोकणात भाताच्या चार चुडांमध्ये (लावलेल्या रोपांच्या जुड्यांमध्ये) ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, ७ ते १० सेंमी खोल खोचतात, तेही खत वाहून जाऊ नये म्हणूनच.

चूक एका पिशवीत झाली. चर खोडापासून ४ सेंमीवरच गेला, मुळं तुटली, चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. दाणे उकरून काढले, साधं पाणी भरपूर सोडलं. नवा शेंडा आता स्वच्छ आहे.

ऑगस्टमध्ये बांगडीचे ८ ग्रॅम पंधरवड्याला ४-४ असे विभागून. आळवणीच्या पिशव्याही पाऊस ओसरेपर्यंत बांगडीवर.