तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ओकवर मी का बसत नाही

यंदा दिवाळीच्या फराळाला पुन्हा तोच प्रश्न निघाला. "कॅमेऱ्यात रोज पंधरा-वीस हरणं दिसतात ती खिंड सोडून तू शिकारीला त्या टोकाच्या हिकरीच्या झाडावर का जाऊन बसतोस?" चौघांनी विचारलं. त्यातले दोघं माझ्याबरोबर त्या जमिनीवर हिंडलेत, खिंड त्यांनी स्वतः पाहिली आहे. मी दर वेळी "वारा" एवढंच म्हणतो आणि चकलीचं ताट पुढे करतो. उत्तर खोटं नाही, पण पुरेसंही नाही. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

हरीण का मारतो, मनाला कसं पटतं, हे आपलं बोलून झालंय. ते इथे नको.

ती डोंगराची धार पूर्व-पश्चिम जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून हिमनद्या फिरल्या नाहीत, म्हणून तिथे अजून घळी, सोंडा, कडे शिल्लक आहेत. धारेच्या मधोमध खिंड आणि खिंडीत तो ओक. चार वाटा त्याच्या बुंध्याशी येऊन मिळतात. खालची माती खुरांनी उकरलेली, आसपासच्या कोवळ्या झाडांची साल शिंगं घासून सोललेली. कुणीही म्हणेल, मचाणाची शिडी इथेच लावा. मीही लावली होती.

पण हरीण दिवसा बसतं कुठे ते बघा. वारा वायव्येचा असेल तर ते धारेच्या आग्नेय उतारावर, माथ्याच्या थोडं खाली बसतं. धारेवरून येणारा वारा पाठीमागचं सगळं नाकाला सांगतो आणि खालचा उतार डोळ्यांसमोर असतो. वारा फिरून आग्नेयेचा झाला की हरणं पलीकडच्या उतारावर जातात. म्हणजे वारा कुठलाही असो, खिंड त्याच्या मुखाशी आणि हरणं आडोशाला. खिंडीत बसलेल्या माणसाचा वास थेट त्यांच्या अंथरुणात जातो. ते पंधरा-वीस फोटो बहुतेक रात्रीचे आहेत, आणि कॅमेऱ्याला घाम येत नाही.

ज्यांनी खळं पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. माण तालुक्यात आमच्या खळ्यावर वडील तिवईवर उभे राहून बाजरी उफणायचे. वारा पडला की टोपली धरून तसेच थांबायचे, सुटला की पुन्हा सुरू. दाणे पायाशी पडायचे आणि भुसा वाऱ्याबरोबर पसरत पसरत लांब जायचा, सुपाच्या आकारात, जवळ अरुंद आणि पुढे रुंद. त्या बाजूला उभं राहिलेल्या पोराच्या मानेत दिवसभर कूस टोचायची. मचाणावर बसलेला माणूस असाच असतो, फक्त त्याची टोपली रिकामी होत नाही. हरणाने काही पाहिलं तर ते मान वरखाली करून पुन्हा बघतं, आवाज आला तर कान टवकारून थांबतं. वास आला की त्याला दुसरी खात्री लागत नाही.

हे मला 2017 साली माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आणि तरीही मी बसलो.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, नर माद्यांमागे धावायला लागलेले. एकच शुक्रवार रजा मिळाली होती आणि घरापासून तीन तासांचा रस्ता. जमिनीचे मालक म्हातारे आहेत, गोठा अजून चालवतात. पहाटे गोठ्याच्या दारात त्यांनी तोंड वर करून वारा घेतला आणि म्हणाले, आज खिंडीत नको. मी हो म्हटलं आणि खिंडीत गेलो. तेव्हाच्या माझ्या वहीत आदल्या रात्रीचं वाक्य आहे: "बिनवासाच्या साबणाने अंघोळ, कपडे तीन दिवस डब्यात बंद, वाऱ्याचं एवढं काही नाही." ते अक्षर माझंच आहे. आज ते वाचताना त्या माणसाशी भांडावंसं वाटतं. त्याच्याकडे उत्तर तयार असतं: रजा एकच होती.

सकाळी पावणेआठला उतारावरून एक मादी वर आली. पंचवीस यार्डांवर थांबली. ओलं काळं नाक वर उचललं, जीभ नाकपुडीवरून फिरवली, पुन्हा हुंगलं. मग पुढचा डावा पाय उचलून जमिनीवर आपटला. एकदा, थोडं थांबून आणखी एकदा. तिच्या खांद्यावरचे केस उभे झालेले मला दिसत होते. धनुष्य ताणलेलं होतं आणि हात थरथरायला लागला होता. ती आता जाणार हे मला कळलं, आणि जाणार म्हणूनच मी बाण सोडला.

निवांत हरीण दोरीच्या आवाजाला उशिरा दाद देतं. जे आधीच तणावात आहे ते आवाजासरशी उडी घ्यायला खाली दबतं आणि वळतं. बाण फुप्फुसांच्या जागी जायचा तो मागे, पोटात गेला. शेपटी पायांत दाबून, पाठ कमानीसारखी करून ती चालत गेली. धावली नाही.

खाली उतरून बाण उचलला. त्याला हिरवट चिकटा होता, दोन-तीन जाड तपकिरी केस आणि आंबलेल्या वैरणीचा वास. पोटात बाण लागलेलं हरीण जवळच कुठेतरी बसतं. आठ-दहा तास त्याच्या मागे जायचं नसतं, गेलं की उठून मैलभर जातं. पण अकराच्या सुमारास पाऊस सुरू झाला. थांबावं तर रक्ताची वाट धुऊन जाणार, जावं तर ती उठणार. मी गेलो. ओकच्या गळलेल्या पानांवर रक्ताचा एकेक थेंब, बोटाने चोळून बघावा लागेल असा, पानाच्याच रंगाचा. दीडशे पावलांवर ती बसली होती. मला पाहून उठली आणि घळीत उतरली. त्यानंतर थेंब नाही.

शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघांनी घळ पालथी घातली. सत्तरी ओलांडलेला माणूस काठी टेकत ओल्या उतारावर माझ्याबरोबर फिरत होता आणि एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. सोमवारी मी कामावर असताना त्यांचा फोन आला: ओढ्यावर कावळे दिसतायत. ती पाण्याच्या काठाशी होती. बरीचशी कोयोटींनी, म्हणजे तिथल्या कोल्ह्यांसारख्या प्राण्यांनी, खाल्ली होती.

तुम्ही म्हणाल, बाण चुकला, त्यात वाऱ्याचं काय? मीही बरेच दिवस हेच म्हणत होतो, सराव कमी पडला म्हणून. सरावही कमी होता, मान्य. पण ती मादी माझा वास न येता त्याच जागी उभी असती तर मान खाली घालून एकोर्न, म्हणजे ओकची फळं, खात उभी असती, आणि मला घाई नसती. वारा बघायचा तो हरीण यावं म्हणून, असं तुम्ही समजता. मी तो बघतो ते आलेलं हरीण निवांत असावं म्हणून.

म्हणून हिकरी. सोंडेच्या पूर्व टोकाला, खाली वालुकाश्माचा कडा आणि त्याखाली ओढा. वायव्येच्या वाऱ्यात माझा वास कड्यावरून मोकळ्या हवेत जातो, तिथे हरीण फिरकत नाही. हरणं पश्चिमेकडून, झाडाच्या वरच्या अंगाने वीस पावलांवरून जातात. संध्याकाळी वारा पडला तरी गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि वासाला ओढ्यात घेऊन जाते. सकाळी ऊन लागलं की हीच हवा उलटी वर चढते, म्हणून तिथे मी दुपारी दोननंतरच जातो, आणि तेही ओढ्याच्या पात्रातून. दिवसाला दोन हरणं दिसतात, कधी एकही नाही.

खिशात मिल्कवीडची बोंडं ठेवतो. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, बोंड फुटलं की तशाच म्हाताऱ्या उडतात. लहानपणी आपण त्या पकडायला धावायचो. मचाणावरून एक सोडली की वारा साठ-सत्तर पावलांपर्यंत डोळ्यांना दिसतो: कुठे वळतो, कुठे बुडतो, कुठे गिरकी घेतो. फोनवरचा अंदाज सगळ्या तालुक्याचा असतो, म्हातारी त्या झाडाचा सांगते. आणि खरं सांगायचं तर हिकरीवरही दोनदा म्हातारी कड्याकडे जाता जाता थांबली, वळली आणि माझ्या मागून वाटेवर जाऊन पडली. दोन्ही वेळा मी बाण भात्यात ठेवला आणि उतरलो.

हे सगळं पटलं तरी एक गोष्ट मला सुटत नाही. मालक स्वतः थँक्सगिव्हिंगच्या आधी बंदुकीचा मोसम उघडतो तेव्हा त्याच ओकवर बसतात आणि जवळजवळ दर वर्षी हरीण आणतात. त्या दिवशी सगळ्या डोंगरात माणसं असतात, हरणं एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला पळतात, आणि बंदुकीला पंचवीस यार्डांची गरज नसते. हे मी स्वतःला समजावतो. तरी वारा चांगला असलेल्या दिवशीही मी त्या शिडीला हात लावलेला नाही. ईशान्येच्या वाऱ्यात तिथे दोन तास नक्की बसता येईल, नकाशावर मीच ते काढून ठेवलंय. तेव्हा वाऱ्यामुळे जात नाही की त्या मादीमुळे, हे तुम्ही विचारू नका. मला नीट सांगता येणार नाही.

शनिवारी वायव्येचा वारा आहे, ताशी आठ मैल. ज्यांना यायचंय त्यांनी एकला गोठ्यापाशी या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणा, ओढ्यातून जायचंय.